निकोपोलिसच्या वाटेवरचे अधिकारी

सरकारी नोकरीत ज्याची पाचदहा वर्षे गेली आहेत, त्याच्या तोंडी एक वाक्य आपोआप बसते : ‘हे आमच्या हाती नाही.’ समोर उभ्या राहिलेल्या अर्जदाराला आपण ते ऐकवितो, वरच्या साहेबांच्या तोंडून आपण ते ऐकतो, आणि बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरच्या माणसांची समजूतही त्याच वाक्याने घालतो. महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तर ते अधिकच जवळचे वाटते. कोणत्या गावी बिऱ्हाड मांडावे, मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे, गावाकडे वडील आजारी पडले तर किती दिवसांनी त्यांच्या उशाशी पोहोचावे, यांपैकी पुष्कळसे खरोखरच आपल्या हाती नसते.

नवल असे, की पाश्चात्त्य जगातील एका थोर तत्त्वज्ञानाची सुरुवात याच वाक्यापासून होते. ते तत्त्वज्ञान म्हणजे स्टोइक पंथाचे. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, याची आधी वाटणी करा, असे हा पंथ सांगतो. अलीकडे त्याला मोठाच बहर आला आहे. विमानतळांवरच्या पुस्तकांच्या दुकानांतूनसुद्धा त्याची सुटसुटीत पुस्तके मांडलेली दिसतात, आणि धकाधकीच्या आयुष्यात मन शांत ठेवण्याचा रामबाण उपाय म्हणून ती खपतात. मन शांत राहावे हे कोणाला नको आहे? परंतु या पंथाचा इतिहास पाहू लागले असता एक गोष्ट ध्यानात येते, आणि तीच वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. हे वाक्य ज्या शाळेत सर्वांत स्पष्टपणे शिकविले गेले, तिच्या दारात बदलीवर निघालेले, नेमणुकीवरून परतणारे, बढतीची वाट पाहणारे सरकारी अधिकारी वारंवार येत असत. आणि शाळेचा गुरुजी ते वाक्य त्यांना जबाबदारीतून सुटण्यासाठी वापरू देत नसे.

प्रथम पंथाची थोडी पूर्वपीठिका. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरील सिटियम गावचा झीनो हा अथेन्समध्ये शिकवू लागला. बाजारचौकाच्या कडेला चित्रांनी सजविलेली एक खांबांची ओसरी होती. तीत येरझारा घालीत तो बोले. ग्रीक भाषेत अशा ओसरीस ‘स्टोआ’ म्हणतात, त्यावरून पंथाला नाव पडले. चांगुलपणा हेच एकमेव खरे धन होय. आरोग्य, पैसा, मानमरातब ही मिळाली तर घ्यावीत, पण त्यांच्यावर सुखाची इमारत बांधू नये, असे त्याच्या अनुयायांचे म्हणणे. त्याचबरोबर प्रत्येक नात्याला आणि प्रत्येक स्थानाला साजेसे असे एक योग्य कर्म असते, हाही त्यांचा आवडता विचार होता.

या योग्य कर्माला लॅटिन भाषेत काय म्हणावे, असा प्रश्न रोमच्या सिसेरोपुढे पडला. त्याने ‘ऑफिशियम’ हा शब्द निवडला, आणि इसवी सनापूर्वी ४४ मध्ये अथेन्स येथे शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून त्याने या विषयावर एक ग्रंथच लिहिला. आपण रोज ज्या ‘ऑफिसा’त जातो, ते नाव याच शब्दापासून आले आहे. चार भिंती, टेबल आणि हजेरीपट हा त्या शब्दाचा मागाहून आलेला अर्थ. मूळ अर्थ कर्तव्य असा आहे. शब्द आपल्यापर्यंत पोहोचला, अर्थ वाटेत कोठे राहिला हे ज्याचे त्याने पाहावे.

आता त्या गुरुजींकडे वळू. एपिक्टेटस याचा जन्म इसवी सन ५० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या हिएरापोलिस या गावी झाला. तो गुलाम होता. त्याच्या नावाचा अर्थच ‘मिळविलेला’, म्हणजे विकत घेतलेला, असा होतो. तो पायाने अधू होता. त्याचा धनी एपाफ्रोडायटस हा स्वतः एके काळचा गुलाम. पण मुक्त होऊन तो नीरो बादशहाच्या दरबारी अर्जखात्याचा चिटणीस झाला होता. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून बादशहाच्या नावे येणारे अर्ज त्याच्या हातून जात. म्हणजे स्टोइक पंथाचा हा थोर आचार्य लहानाचा मोठा झाला तो एका बड्या सरकारी कामगाराच्या घरी.

त्या घरात त्याने जे पाहिले ते पुढे तो विद्यार्थ्यांना रंगवून सांगे. एपाफ्रोडायटसजवळ फेलिसियो नावाचा एक चांभार गुलाम होता. काहीच कामाचा नाही म्हणून धन्याने त्यास विकून टाकले. दैवयोगाने बादशहाच्या वाड्यातील कोणी त्याला विकत घेतले आणि तो खुद्द बादशहाचा चांभार बनला. झाले! त्या दिवसापासून एपाफ्रोडायटस त्याची अदबीने विचारपूस करू लागला. आणि धनी काय करीत आहेत असे कोणी विचारले, तर फेलिसियोबरोबर मसलत चालली आहे, असे उत्तर मिळू लागले. दुसरी हकीकत अशी, की एक गृहस्थ एपाफ्रोडायटसच्या गुडघ्यांना मिठी मारून रडू लागला. आपला सर्वनाश झाला, आता पंधरा लाख नाण्यांवर काही उरले नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते. एपाफ्रोडायटस हसला नाही. इतके दिवस हे दुःख उरात दाबून कसे ठेवलेस, असे त्याने मोठ्या कळवळ्याने विचारले. अर्जखात्याच्या चिटणिसाला कोणता अर्जदार दीनवाणा वाटत होता, हे यावरून समजते. या चिटणिसाचा शेवटही बोलका आहे. इसवी सन ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली तेव्हा त्याने धन्यास हात दिला होता; पुढे डोमिशियन बादशहाने नेमका तोच अपराध ठरवून त्यास ठार करविले. अधिकारपद आपल्या हाती नसते, हा धडा एपिक्टेटसला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

रोममध्ये असतानाच त्याने म्युसोनियस रुफस या स्टोइक आचार्याजवळ अध्ययन केले. पुढे तो मुक्त झाला आणि स्वतः शिकवू लागला. पहिल्या शतकाच्या अखेरीस डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार केले, तेव्हा एपिक्टेटस ग्रीसच्या वायव्य किनाऱ्यावरील निकोपोलिस या शहरी गेला आणि तेथेच त्याने शाळा काढली. हे शहर ऑगस्टस बादशहाने, इसवी सनापूर्वी ३१ मध्ये जवळच ॲक्टियम येथे मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ, वसविले होते. इटलीहून ग्रीसकडे व पुढे पूर्वेच्या प्रांतांकडे जाणाऱ्या जलमार्गावर ते पडे. त्यामुळे नेमणुकीवर जाणारे आणि नेमणुकीवरून परतणारे अंमलदार तेथे उतरत, आणि त्या लंगड्या माजी गुलामाची कीर्ती ऐकून त्याच्या शाळेत डोकावत.

तेथील संभाषणे आपल्यापर्यंत पोहोचली ती एका विद्यार्थ्यामुळे. त्याचे नाव एरियन. हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा, आणि मेगॅस्थिनीस व नीआर्कस यांच्या लेखनाच्या आधारे हिंदुस्थानाविषयी ‘इंडिका’ हा ग्रंथ रचणारा एरियन तो हाच. चंद्रगुप्ताच्या काळाविषयी शाळेत आपण जे शिकलो, त्यातील काही भाग त्याच्या लेखणीतून आलेला आहे. तरुणपणी तो निकोपोलिस येथे राहिला व गुरूचे बोलणे जवळजवळ त्याच्याच शब्दांत टिपून घेत गेला. स्वतः एपिक्टेटसने एक ओळही लिहिलेली नाही. एरियनने टिपलेल्या संवादांच्या आठ भागांपैकी चार आज उपलब्ध आहेत. त्यांचे सार म्हणून एक लहानशी हातपोथीही त्याने तयार केली. या हातपोथीच्या आरंभीच ती प्रसिद्ध वाटणी येते. आपली मते, आपली ओढ, आपला तिटकारा आणि आपले निर्णय ही आपल्या हाती. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकारपद ही आपल्या हाती नाहीत. अधिकारपदाचा उल्लेख असा नाव घेऊन केलेला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता त्या वाटेवरच्या अधिकाऱ्यांपैकी काहींची भेट घेऊ.

पहिला वयोवृद्ध आहे. हद्दपारीची शिक्षा भोगून तो रोमला परत निघाला होता. निकोपोलिस येथे थांबून त्याने आपल्या पूर्वायुष्याला नावे ठेविली, आणि उरलेले दिवस शांतपणे घालवावयाचे, दुसरे काही नको, असा निर्धार बोलून दाखविला. तसे होणार नाही, रोमचा वास आला की हे सारे विसरशील, असे एपिक्टेटसने त्यास सांगितले. मी वाड्यात एक पाऊल जरी टाकले तरी माझ्याविषयी हवे ते समजा, असे म्हणून म्हातारा गेला. रोमला पोहोचण्यापूर्वीच बादशहाची पत्रे त्याच्या हाती पडली. मग काय विचारता! एकावर एक कामे त्याने अंगावर घेतली, आणि एपिक्टेटस ही हकीकत सांगत होता तेव्हा तो रोमच्या धान्यपुरवठ्याचा प्रमुख होता. सेवानिवृत्तीनंतर कोकणात जाऊन नारळीपोफळीच्या छायेत बसण्याचे बेत, आणि मुदतवाढीचा हुकूम येताच त्यांचे होणारे विस्मरण, यांचे इतके जुने उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. शिष्य हसले असतील, तोच गुरुजींनी रोख बदलला. माणूस निष्क्रिय बसण्यासाठी जन्मास आला आहे काय? ते अंमलदार दिवसभर धान्याचे नि जमिनीचे हिशेब करीत, वाद घालीत, मसलती करीत जागरूक तरी असतात. आणि मी मात्र पहाटे जागा होतो, आज कोणता पाठ घ्यावयाचा ते आठवतो, आणि लगेच मनात म्हणतो, की अमका कसा वाचतो याच्याशी मला काय करावयाचे आहे, आधी झोप पुरी करावी. त्या वृद्धांनी आपल्या कामात जेवढी मेहनत घेतली तेवढी आपण आपल्या कामात घेतली असती, तर आपलेही काही झाले असते, असे त्याने शिष्यांस बजावले. काम सोडणे म्हणजे शांती, ही समजूत त्याने अशी मुळातच खोडून काढली.

दुसरा अधिकारी बाप आहे. एपिक्टेटसने त्यास सहज संसाराचे कुशल विचारले. तो म्हणाला, की फार कष्टी आहे. मुलांवर इतका जीव, की परवा लहान मुलगी आजारी पडली, तिच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तेव्हा मला ते पाहवेना. मी घरातून पळालो, आणि ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत परतलो नाही. हे वागणे स्वाभाविक आहे, बहुतेक बाप असेच करतात, अशी त्याने पुस्तीही जोडली. मग एपिक्टेटसने एकेक प्रश्न विचारला. मुलीच्या आईचा तिच्यावर जीव आहे ना? मग तिनेही पळून जावयाचे होते काय? दाईने? सांभाळणाऱ्या नोकराने? सर्वांचेच प्रेम तुझ्यासारखे असते तर ती पोर कोणाच्या हाती राहिली असती? ज्यांना तिची माया नाही त्यांच्याच ना? आणि तू आजारी पडलास तर घरच्यांनी तुझ्यावर असेच प्रेम करावे असे तुला वाटेल काय?

संबंध स्टोइक वाङ्मयात आम्हांस हा संवाद सर्वांत मोलाचा वाटतो. मुलीचे दुखणे बापाच्या हाती नव्हते, हे खरेच. तो वाटणी अर्धीच करून थांबला असता तर पळून जाण्यास त्याला छान आधार मिळाला असता. पण दुखणे हाती नाही म्हणताच दुसरी बाजू पुढे येते : तिच्या उशाशी बसणे कोणाच्या हाती होते? माझा नाइलाज होता, हे म्हणणे एपिक्टेटस मान्य करीत नाही. तुला दुःखाने पळविले नाही, पळणे बरे असे तुझ्या मनाने ठरविले म्हणून तू पळालास. आणि ठरविणे हे तर तुझ्याच हाती होते, असा त्याचा निवाडा आहे. जी वाटणी आरंभी सुटकेची वाट वाटते, ती अखेर आपल्याला आपल्याच दारात आणून उभी करते, ती अशी.

तिसरा अधिकारी त्या प्रांताचाच कारभारी आहे. नाटकगृहात एका विनोदी नटाची बाजू घेऊन त्याने भर सभेत अशोभनीय आरडाओरडा केला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. तो रागारागाने गाऱ्हाणे घेऊन आला. लोकांनी काय वाईट केले? तू बाजू घेतलीस, त्यांनीही घेतली, असे एपिक्टेटस म्हणाला. अंमलदार जे करतो तेच लोक शिकतात. ते योग्य नसेल तर आपण करू नये, आणि योग्य असेल तर त्यांनी अनुकरण केले म्हणून रागावू नये.

चौथा त्याहून अधिक ऐटीचा. ग्रीक शहरांच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी रोमहून नेमलेला. ही जागा मिळविण्यासाठी तू कोणाच्या हाताचे चुंबन घेतलेस, कोणाच्या दारी झोपलास, कोणाला नजराणे पाठविलेस, असे त्याला तोंडावर विचारण्यात आले. मी हवे त्याला तुरुंगात टाकू शकतो, असे तो म्हणाला; दगडही तसाच टाकता येतो, असे उत्तर मिळाले. मी फटके मारवू शकतो. गाढवालाही तसेच मारता येते. याला माणसांवर राज्य करणे म्हणत नाहीत. आमचे हित कशात आहे ते दाखवून दे, म्हणजे आम्ही आपण होऊन मागे येऊ, असे त्या माजी गुलामाने साम्राज्याच्या अंमलदाराला सांगितले.

या शाळेतील विद्यार्थ्यांची हकीकतही परगावी राहणाऱ्यांस जिव्हाळ्याची वाटेल. ते दूरदूरच्या गावांहून आलेले असत, आणि घराच्या व मित्रांच्या आठवणीने रडकुंडीस येत. गुरुजी त्यांना धीर देत, पण गोंजारीत नसत. माणूस झाडासारखा जमिनीत रुजलेला नाही. जग हे एकच नगर आहे. जेथे असाल तेथे करण्याजोगे काम असतेच, असे त्यांचे सांगणे. यात तथ्य आहे. तथापि लेकराचे चुंबन घेताना आपण एका मर्त्य जिवाचे चुंबन घेत आहोत याची आठवण ठेवा, असेही ते शिकवीत, ते मात्र आमच्या पचनी पडत नाही. आपल्याकडच्या स्थितप्रज्ञाची कल्पना वाचकांस येथे आठवेल, आणि साम्य आहेही; पण घरची आठवण येणे हा मनाचा दोष आहे, असे आमच्याने म्हणवणार नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. ज्याला काही बदलता येत नाही त्याला हे तत्त्वज्ञान सोयीचे, आणि ज्याला काही बदलावयाचे नाही त्याला तर फारच सोयीचे, असे पुष्कळांनी म्हटले आहे. आक्षेपात जोर आहे. एपिक्टेटस स्वतः गुलामगिरीत वाढला, तरी ती प्रथाच नाहीशी करावी असे त्याने सांगितले नाही. सेनेकाने गुलामांशी माणुसकीने वागण्याचा उपदेश केला; पण तो नीरोचा शिक्षक व सल्लागार होता, आणि त्याची संपत्ती अफाट होती. हा डाग पुसता येणार नाही.

पण दुसऱ्या बाजूसही उदाहरणे आहेत. हेल्विडियस प्रिस्कस हा रोमच्या वरिष्ठ सभेचा सभासद. त्याची कथा एपिक्टेटस आवडीने सांगे. उद्या सभेत येऊ नकोस, असा निरोप व्हेस्पेशियन बादशहाने त्यास धाडला. मला सभासदत्वावरून काढणे तुमच्या हाती आहे, पण सभासद असेपर्यंत येणे माझे काम आहे, असे त्याने कळविले. ये, पण गप्प बैस, असे सांगताच, मत विचारू नका म्हणजे मी गप्प बसेन, असे उत्तर गेले. मत विचारणे मला भाग आहे. तर मग मला योग्य वाटेल ते सांगणे भाग आहे. प्राण घेईन, घ्या, ते तुमचे काम, आणि न डगमगता मरणे हे माझे. पुढे हेल्विडियसला हद्दपार करण्यात आले, आणि अखेर त्याचा वध झाला. हाती काय आहे आणि काय नाही याची वाटणी त्यानेही केली होती. पण मत देणे त्याने ‘हाती नाही’च्या रकान्यात ढकलले नाही.

खुद्द एपिक्टेटसच्या उत्तर आयुष्यातील एक गोष्ट सिंप्लिसियस या जुन्या टीकाकाराने नोंदली आहे. पुष्कळ वर्षे तो एकटाच राहिला. रोममधील त्याच्या घराला कडीकोयंडाही लागत नसे, कारण आत एक गादी आणि चटई यांखेरीज काही नव्हते. त्याचा एक मित्र गरिबीमुळे आपले मूल टाकून देण्याच्या बेतात होता. मूल टाकणे ही त्या काळी नित्याची गोष्ट. एपिक्टेटसने ते मूल स्वतःकडे घेतले आणि त्याच्या संगोपनासाठी एका स्त्रीला घरी आणले. जगातील गरिबी त्याच्या हाती नव्हती, मूल टाकण्याची चाल मोडणेही नव्हते. ते एक मूल मात्र होते.

त्याच्या शिकवणीचे फळ पाहावयाचे असेल तर एरियनच्या पुढील आयुष्याकडे पाहावे. तो रोमच्या नोकरीत चढत गेला, आणि हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत, इसवी सन १३१ च्या सुमारास, पूर्व सरहद्दीवरील कॅपॅडोशिया प्रांताचा सुभेदार झाला. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील ठाण्यांची त्याने समुद्रमार्गे पाहणी केली, आणि बादशहास पत्ररूपाने जे कळविले ते सुदैवाने उपलब्ध आहे. आमच्यासारख्या कारकुनाला हा दौऱ्याचा अहवाल वाचताना गंमतही वाटते आणि आदरही. ट्रॅपेझस, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील ट्रॅबझन, येथील वेद्या ओबडधोबड दगडाच्या असल्याने अक्षरे नीट उठत नाहीत, शिवाय ग्रीक मजकुरात चुका आहेत. तेव्हा पांढऱ्या दगडाच्या नव्या वेद्या करवून स्वच्छ अक्षरे कोरावयाची व्यवस्था केली आहे. बादशहाच्या पुतळ्याचा आविर्भाव बरा आहे, पण तो बादशहासारखा दिसत नाही आणि कामही सुबक नाही. तरी दुसरा पाठवावा. हे खुद्द बादशहाला लिहिण्यास मनाचा काही एक स्वच्छपणा लागतो. पुढे आजच्या जॉर्जियातील ॲप्सॅरस या ठाण्यावर त्याने शिपायांचा पगार वाटला, हत्यारे पाहिली, तट पाहिला, खंदक पाहिला, धान्याचा साठा पाहिला. आणि या यादीत आजारी शिपायांना पाहिल्याचीही नोंद आहे. आजारी मुलीला सोडून पळालेल्या अधिकाऱ्याची गोष्ट लिहून ठेवणारा हात तो हाच. या दोन नोंदींचा संबंध जोडणे हा आमचा तर्क आहे, पण तो सोडवत नाही.

एरियनची टिपणे पुढे कोठवर गेली? ज्युनियस रस्टिकस या गृहस्थाने आपल्याजवळची प्रत एका तरुणाला वाचावयास दिली. तो तरुण म्हणजे पुढे इसवी सन १६१ ते १८० पर्यंत राज्य केलेला मार्कस ऑरेलियस बादशहा. हे उपकार त्याने आपल्या आत्मचिंतनपर वहीत आवर्जून नमूद केले आहेत. साम्राज्यात साथीचा रोग पसरला होता, डॅन्यूब नदीवर युद्ध पेटले होते, आणि हा सम्राट वर्षानुवर्षे राजधानीपासून दूर छावणीत राहून काम करीत होता. वहीतील एका भागावर कार्नुंटम या ठाण्याचे नाव आहे; ते आजच्या व्हिएन्नाच्या पूर्वेस येते. सकाळी अंथरुणातून उठण्याचा कंटाळा आला, की माणसाचे काम करण्यासाठी आपण उठत आहोत अशी तो स्वतःची समजूत घाली. गुलामाने तोंडी सांगितलेले, अधिकाऱ्याने टिपलेले आणि सम्राटाने अंथरुणात आठवलेले असे हे तत्त्वज्ञान आहे.

आपल्या काळातही त्याची कसोटी लागली आहे. ९ सप्टेंबर १९६५ रोजी जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन नौदलाच्या वैमानिकाचे विमान उत्तर व्हिएतनामवर पाडले गेले. साडेसात वर्षे तो हॅनोईच्या कैदेत होता, आणि त्याचा फार छळ झाला. विद्यापीठात असताना एका प्राध्यापकाने दिलेली एपिक्टेटसची हातपोथी त्याने वाचलेली होती. पाय मोडलेला हा कैदी कैद्यांमध्ये वरिष्ठ अधिकारी होता. म्हणून छळापुढे कोठवर टिकावे, कोठे नमावे, परस्परांस कसे सांभाळावे, याचे साधे नियम त्याने सोबत्यांसाठी घालून दिले. १९७३ मध्ये त्याची सुटका झाली. ज्या युद्धात तो लढला त्याविषयी वाचकाचे मत काहीही असो; कोठडी हाती नव्हती आणि सोबती होते, हे त्याने ओळखले. मनोविकारांच्या उपचारातही अल्बर्ट एलिस व एरन बेक यांनी घटनेपेक्षा तिच्याविषयीचे आपले मत माणसास अधिक छळते, या स्टोइक विचाराचे ऋण मान्य केले आहे.

तेव्हा आजच्या नित्याच्या जीवनात या विद्येचा उपयोग कसा करावा? आमच्या अल्प मतीस एक नियम सुचतो. ‘हे माझ्या हाती नाही’ हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ते आपल्या दुःखासाठी, आपल्या बढतीसाठी, आपल्या गोपनीय अहवालासाठी आपण स्वतःशी म्हणावे, त्याने मनाला खरोखर विसावा मिळतो. तेच समोरच्या माणसाच्या दुःखाविषयी म्हणू लागलो, की त्याचा धर्म बदलतो. वारसाचे निवृत्तिवेतन अडकलेल्या विधवेला नियम बदलून देणे कारकुनाच्या हाती नाही. पण कोणता कागद कमी आहे हे तिला एकदाच, नीट, तिला समजेल अशा भाषेत सांगणे, टिपणात तिची बाजू खरीखुरी मांडणे, आणि फाइल टेबलावर असो की आता पडद्यावर असो, ती आजच पुढे सरकविणे हे कोणाच्या हाती आहे? वरिष्ठांना टिपण आवडेल की नाही हे आपल्या हाती नाही; ते खरे लिहिणे आहे. बदली कोणत्या गावी व्हावी हे आपल्या हाती नाही. त्या गावच्या माणसांची बोली चार महिन्यांत कानाला लावून घेणे आहे. आईच्या दुखण्यात दीड हजार मैलांवरून धावत जाता येईलच असे नाही. पण दूरध्वनी उचलून, घाबरून न जाता, तिचे बोलणे पुरते ऐकून घेणे आहे.

अशी वाटणी प्रामाणिकपणे केली, तर एक चमत्कारिक अनुभव येतो. ‘हाती नाही’ची यादी मोठी असते खरी, पण ती एकदा लिहिली की संपते. ‘हाती आहे’ची यादी लहान दिसते, आणि ती मात्र रोज सकाळी नव्याने लिहावी लागते.